संगणकाच्या पेटीतला वारा

पंखा थंडावा निर्माण करीत नाही, हे विधान वाचून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. छताचा पंखा आपल्याला गार वाटतो, तो अंगावरचा घाम उडवून नेतो म्हणून. ज्या वस्तूला घाम येत नाही तिला पंख्याचा उपयोग एवढाच, की तिच्याभोवतीची तापलेली हवा तो हलवतो आणि तिच्या जागी दुसरी आणतो. ही दुसरी हवा कोठून यावी आणि तापलेली कोठे जावी, याचा विचार झालेला नसेल, तर संगणकाच्या पेटीत पंखे तीन लावले काय आणि नऊ लावले काय, फारसा फरक पडत नाही. आजकाल दुकानांतून रंगीत दिव्यांचे पंखे लावलेल्या काचेच्या पेट्या मांडलेल्या दिसतात. त्या दिसतात सुरेख. पण त्यांतल्या काहींच्या पुढच्या काचेतून मुंगीलासुद्धा आत जायला वाट नसते, मग वाऱ्याने कोठून जावे?

अशीच एक पेटी आमच्या घरी होती.

आम्ही सोलापूरचे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४२ अंशांच्या पुढे गेला, तरी कोणाला नवल वाटत नाही. आमची धाकटी सूनबाई वास्तुविशारद आहे. अद्याप न बांधलेले घर बांधून झाल्यावर कसे दिसेल, सकाळचे ऊन त्याच्या फरशीवर कसे पडेल, याची हुबेहूब चित्रे ती संगणकावर तयार करते. त्याला रेंडरिंग म्हणतात. मांडणी माणसाने करायची आणि मग यंत्राने असंख्य प्रकाशकिरणांचा हिशेब करीत बसायचे, असे ते काम. एकेका चित्राला चार-पाच तास सहज लागतात, आणि तेवढा वेळ प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही पूर्ण ताकदीने राबत असतात. पूर्वी ती पुण्यात नोकरी करीत असे. नातू झाल्यावर तिने माडीवरच्या खोलीत स्वतःचे काम सुरू केले आणि पुण्या-मुंबईचे वास्तुविशारद तिच्याकडे कामे पाठवू लागले.

हिवाळ्यात सारे सुरळीत चालले. एप्रिल लागला आणि यंत्र रात्री आधी मंदावू लागले, मग एकदम बंद पडू लागले. सकाळी सहाला उठून पाहावे तो चित्र अर्धे. एक काम दोन दिवस उशिरा गेले. काम देणारे गृहस्थ सौम्य स्वभावाचे. त्यांनी एवढेच विचारले, की उन्हाळ्यात तुमच्याकडे कामे पाठवावीत की नकोत? त्या प्रश्नाचा अर्थ सूनबाईला बरोबर कळला. उन्हाळ्याचे तीन महिने पुण्यात खोली घेऊन नातवासह तेथे राहावे, असा विचार तिने मुलापाशी बोलून दाखवला होता. मुलाने तो माझ्या कानावर घातला. घरात त्यावर उघड चर्चा झाली नाही, पण जेवणाच्या ताटावर पूर्वीसारखे बोलणेही होईना.

माझी सारी नोकरी कापड गिरणीत गेली, आणि तीही मागावर नव्हे, ह्युमिडिफिकेशन प्लांटवर. कोरड्या हवेत सूत तुटते. म्हणून बाहेरची हवा पाण्याच्या फवाऱ्यातून धुऊन, मोठ्या पंख्यांनी नळवाटांतून खात्यात सोडायची. यंत्रांवरून फिरून तापलेली आणि कापसाच्या उडत्या तंतूंनी भरलेली हवा जमिनीखालच्या चरांतून परत ओढून घ्यायची. ती गाळायची आणि लागेल तेवढी पुन्हा वापरायची. वारा ही मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची वस्तू आहे, एवढे त्या नोकरीने माझ्या हाडीमासी मुरवले. संगणकातले मला फारसे कळत नाही. तरी ती काचेची पेटी पाहिली, तेव्हा खात्यात हवा येण्याचे दार कोणीतरी विटांनी बुजवले आहे, हे मला दिसले.

मी सूनबाईला म्हटले, "बाजूचे झाकण काढ आणि तेच चित्र पुन्हा करायला लाव."

झाकण लावलेले असताना प्रोसेसर ९५ अंशांवर जाऊन अडकत होता. त्या जातीच्या प्रोसेसरची तीच मर्यादा. तिच्यापुढे जाऊ नये म्हणून तो आपला वेग आपणच कमी करतो. झाकण काढल्यावर तो ८२वर स्थिरावला. ज्यांचा संगणक उन्हाळ्यात रेंगाळतो त्यांनी ही परीक्षा जरूर करावी. झाकण काढल्याने तापमान दोन-तीन अंशच उतरले, तर दोष खोलीच्या उष्म्याचा, प्रोसेसरवरच्या हीटसिंकचा किंवा त्याखालच्या वाळलेल्या थर्मल पेस्टचा असण्याचा संभव अधिक. दहा-बारा अंश उतरले, तर पेटी गुदमरते आहे. आमची गुदमरत होती. शिवाय तिचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, पंखा वर करून बसवलेला होता आणि ग्राफिक्स कार्डाने तापवलेली हवाच ओढून घेत होता. तो स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडत असे. यंत्र एकाएकी बंद पडे ते त्यामुळे.

झाकण कायमचे काढून ठेवावे, असे कोणी म्हणेल. पण मग धुळीला मोकळे रान मिळते, आणि घरात चार वर्षांचे मूल आहे.

उष्णतेचा हा प्रश्न संगणकाच्या इतिहासात बराच जुना आहे. १९८० साली अ‍ॅपल कंपनीने अ‍ॅपल थ्री हा संगणक पंख्यावाचून बाजारात आणला. पंख्याचा आवाज नको, हा स्टीव्ह जॉब्झ यांचा आग्रह. आतल्या चिपा तापून आपल्या खाचांतून सैल होत, तेव्हा संगणक काही इंच उचलून टेबलावर आपटावा म्हणजे त्या परत बसतील, असा सल्ला ग्राहकांना देण्यात आल्याची नोंद आहे! १९८९चा इंटेलचा ४८६ प्रोसेसर आरंभी पंख्याविना चाले; पुढे पेंटियमच्या काळात प्रोसेसरच्या डोक्यावरचा छोटा पंखा नेहमीचा झाला. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही मांडणी ठरवून दिली. आजही बहुतेक पेट्या तिच्याच वंशातल्या आहेत. मूळ कल्पनेत एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर फुंकावी, असे होते. म्हणजे एसएमपीएसमधून तापून आलेली हवाच प्रोसेसरच्या वाट्याला येई. लवकरच ती दिशा उलटी करावी लागली. पुढे २००४ साली बीटीएक्स आली. पुढून मागे सरळ रेषेत वारा वाहावा, वाटेत आधी प्रोसेसर लागावा, असा तिचा आराखडा. वाऱ्याच्या दृष्टीने मला तीच मांडणी शहाणपणाची वाटते. पण त्याच सुमारास कमी तापणारे प्रोसेसर आले आणि २००६ साली इंटेलने ती सोडून दिली. उष्णता कमी झाली की वायुवीजनाचा विचार मागे पडतो, हे मी गिरणीतही पाहिले आहे.

नवी पेटी घ्यायचे ठरले. प्रोसेसर, कार्ड, मदरबोर्ड सगळे जुनेच वापरायचे. खरेदीच्या आधी आम्ही दोघे वहीचे पान घेऊन बसलो आणि आधी हिशेब केला. संगणकाने घेतलेली वीज जवळजवळ सगळी उष्णतेतच जाते. प्रोसेसर, कार्ड आणि बाकीचे मिळून पूर्ण भारावर सुमारे ४०० वॅट. म्हणजे एका बंद पेटीत १०० वॅटचे चार पिवळे दिवे रात्रभर जळत ठेवावेत, तसे. एक किलो हवा एक अंशाने तापायला साधारण एक किलोज्यूल उष्णता लागते. पेटीतून जाताना हवा १० अंशांहून अधिक तापू नये असे ठरवले, तर सेकंदाला ४० ग्रॅम हवा खेळती हवी. उन्हाळ्यातल्या विरळ हवेत ती भरते सुमारे ३५ लिटर. पंख्यांच्या खोक्यांवर प्रवाह घनफूट दर मिनिटाला, म्हणजे सीएफएममध्ये, छापलेला असतो. त्या मापात हे साधारण ७५ झाले.

"बाबा, मग ६० सीएफएमचे दोन पंखे पुरे झाले," सूनबाई म्हणाली.

कागदावर पुरे झाले. पण खोक्यावरचा आकडा पंख्यासमोर काहीही आडवे नसतानाचा असतो. पुढे जाळी आली, धूळ अडवणारी गाळणी आली, आत केबलींचा गुंता आला, की प्रवाह अर्ध्यावर उतरायला वेळ लागत नाही. आणि प्रवाह अर्धा झाला की हवा १०ऐवजी २० अंश तापते. म्हणून पंखा दोन गुणांनी पाहावा लागतो. मोकळ्यावर तो किती हवा फेकतो हा एक, आणि अडथळा आला तर किती जोराने रेटू शकतो हा दुसरा. या दुसऱ्या गुणाला स्टॅटिक प्रेशर म्हणतात. जाळीमागे बसणाऱ्या पंख्यात तो आधी पाहावा.

पेटी आम्ही पुढची बाजू संपूर्ण बारीक जाळीची असलेली निवडली. दिसायला अगदी साधी, काळी. ओळखीच्या एका मुलाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून दिली. पुढे १२० मिलिमीटरचे तीन पंखे हवा आत घेणारे; मागे एक आणि वर, अगदी मागच्या टोकाला, एक असे दोन बाहेर टाकणारे. एसएमपीएस तळाशी, पंखा खाली करून, म्हणजे त्याने आपली हवा खालच्या जाळीतून स्वतंत्र घ्यावी आणि मागे सोडावी. तीन आत आणि दोन बाहेर, हा माझा गिरणीतला हट्ट. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेहून थोडी अधिक ठेवली, की जास्तीची हवा फटीफटींतून बाहेर पडते. उलट केले, तर त्याच फटींतून न गाळलेली हवा धूळ घेऊन आत शिरते. सोलापुरात धूळ काय असते आणि यंत्रमागांच्या वस्तीत कापसाची भुरी कशी उडते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

सूनबाईने मात्र एक गोष्ट अशी दाखवली, की जिचा मी विचार केला नसता. गिरणीच्या खात्यात मी सरासरी हवा पाहत असे. येथे दोनच जागा तापतात, आणि एकीची हवा दुसरीला भोवते. ग्राफिक्स कार्डाचे पंखे आपली तापलेली हवा पेटीतच सोडतात. ती वर चढून थेट प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये जाते. तेव्हा पुढच्या तीनपैकी खालचे दोन पंखे कार्डासमोर मोकळे हवेत आणि वरचा एक हीटसिंकच्या रेषेत हवा, असे तिने चितारून दाखवले. त्यासाठी हार्ड डिस्कचा पिंजरा काढून टाकला, केबली मदरबोर्डच्या मागच्या बाजूने ओढून घेतल्या. हीटसिंकवरचा पंखाही पुढून मागे फुंकील असाच बसवला. पंख्याची दिशा ओळखायची सोपी खूण अशी, की ज्या बाजूला मोटरला धरणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुष्कळदा चौकटीवर बाणही कोरलेला असतो.

पेटीच्या वर आणखी दोन पंख्यांच्या जागा रिकाम्या होत्या. "जागा आहे तर लावून पाहू," असे तिचे मत पडले आणि जुन्या पेटीतला एक पंखा पुढच्या बाजूच्या जागी लावला. मग मी उदबत्ती पेटवली. वारा डोळ्यांना दिसत नाही, धूर दिसतो. पुढच्या वरच्या पंख्यासमोर उदबत्ती धरली, तर धूर आत शिरून लगेच वर वळला आणि त्या नव्या पंख्यातून बाहेर पडला. हीटसिंकपर्यंत पोहोचलाच नाही. बाहेरून आलेली ताजी हवा कामाला लागण्याआधीच परत जात होती. तो पंखा काढून टाकला आणि प्रोसेसर तीन अंशांनी उतरला. पंखा कमी करून तापमान उतरताना पाहिले, त्या संध्याकाळी सूनबाई कितीतरी दिवसांनी मोकळेपणी हसली.

आवाजाचे गणित वेगळे आहे. माडीवरच्या खोलीला लागूनच नातू झोपतो. पंख्याचा वेग अर्धा केला तर हवा अर्धी होते, पण त्याला लागणारी वीज आठव्या हिश्श्यावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा शेजारी लावला, तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. म्हणून एक पंखा पळवण्यापेक्षा दोन सावकाश फिरवावेत. चार पिनांचे पंखे घेतले, की तापमानाप्रमाणे वेग ठरवून देता येतो. सूनबाईने ती चढती रेषा संगणकात आखली. तापमान क्षणभर चढले म्हणून पंख्याने लगेच घुर्र करून उठू नये, यासाठी त्यात काही सेकंदांचा विलंबही ठेवला. रात्रभर एकसारखा घुमणारा आवाज मुलाला जागे करीत नाही, चढउताराचा करतो.

एवढे झाल्यावरही एक गोष्ट उरतेच. पेटी खोलीतलीच हवा घेते. खोली ४० अंशांवर असेल तर पेटीत ५० होणार, आणि कोणताही पंखा हे बदलू शकत नाही. वातानुकूलन यंत्र आम्ही शेवटचा उपाय म्हणून ठेवले होते, कारण रात्रभर ते चालवायचे तर मिळकतीचा मोठा भाग विजेच्या बिलातच जाईल. म्हणून खोलीलाही पेटीसारखेच वागवले. उंच झरोक्यात बाहेर फेकणारा पंखा बसवला. समोरच्या जिन्याकडचे दार चार बोटे उघडे ठेवले, म्हणजे खालच्या मजल्यावरची गार हवा वर यावी. संगणक टेबलाखालच्या बंद कप्प्यातून काढून लाकडी स्टुलावर, भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवला. कप्प्यात तो आपलीच सोडलेली हवा पुन्हा ओढत होता. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो; म्हणून सर्वांत जड चित्र पहाटे दोननंतर सुरू व्हावे अशी वेळ लावून दिली.

दुपारी ती स्वतः काम करीत बसते तेव्हा खिडकीतला पाण्याचा कूलर चालतो. दमट हवेने संगणक बिघडेल, अशी शेजाऱ्यांनी काळजी व्यक्त केली. दव धरते ते हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर, आणि चालू संगणक खोलीपेक्षा नेहमी उष्णच असतो. जपायचे ते एवढेच, की कूलरचा झोत सरळ पेटीवर येऊ नये, कारण त्याबरोबर उडणाऱ्या तुषारांत क्षार असतात. मात्र रात्री कूलर बंद. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ते यंत्रासाठी उडवून टाकणे मला पटत नाही, आणि सूनबाईलाही नाही.

मेच्या मध्याला एका रात्री अडीच वाजता मी मुद्दाम वर जाऊन पाहिले. खोली ३३ अंश, प्रोसेसर ८१, कार्ड ७४. पंख्यांचा आवाज जिन्यात ऐकू येत नव्हता. सकाळी चित्र पूर्ण होते. त्या महिन्यात सात कामे वेळेवर गेली, आणि तेच सौम्य गृहस्थ आता एका अख्ख्या गृहसंकुलाची चित्रे पाठवीत आहेत. पुण्याच्या खोलीसाठी अनामत द्यायची म्हणून बाजूला ठेवलेल्या पैशांतून मुलाने वीज गेल्यावर यंत्र नीट बंद करता यावे म्हणून यूपीएस आणला.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि दिव्यावर पाखरे येऊ लागली. पुढच्या बारीक जाळीमुळे ती पंख्यात सापडत नाहीत, याचे घरातल्या बायकांना फार समाधान. तरीही रात्री यंत्र चालू असताना त्या खोलीत दिवा ठेवायचा नाही, असे सासूबाईंनी सुनेला सांगून ठेवले आहे. दर रविवारी जाळीवरची धूळ मऊ कुंचल्याने झाडण्याचे काम नातवाने मागून घेतले आहे. पंख्याच्या पात्याला मात्र बोट लावू दिले जात नाही. एसएमपीएसखालची गाळणी तेवढी अजून अवघड जाते. ती मागच्या बाजूने सरकवून काढावी लागते, आणि त्यासाठी दर वेळी स्टुलासकट सगळा संगणक फिरवून घ्यावा लागतो.